खाण तशी माती : मुमताज महल घोडीची नसल आणि आपली तिजारत

जनावरांच्या बाजारात गिऱ्हाईक आधी दात पाहते, मग खूर पाहते, मग चाल पाहते. आई कोण, हे क्वचितच कोणी विचारते. विचारलेच तर तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर भरवसा ठेवावा लागतो. परभणी जिल्ह्यातल्या बाजारांत आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या माळेगाव यात्रेत हीच रीत आहे. या रीतीत व्यापाऱ्याचे किती नुकसान होते, हे समजण्यासाठी एका घोडीची हकीकत वाचण्यासारखी आहे. तिचे नाव मुमताज महल. ज्या बेगमेचे हे नाव, तिचा इंतकाल १६३१ मध्ये आपल्या दख्खनच्या वाटेवरच, बुऱ्हाणपूरला झाला होता.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. शर्यतीवर पैसे लावणे हा जुगार आहे आणि जुगार हराम आहे. येथे विषय सट्ट्याचा नाही. पैदास आणि हिशेब यांचा आहे.

९,१०० गिनींचा सौदा

ही पांढरट राखी घोडी १९२१ साली इंग्लंडमध्ये जन्मली. १९२२ साली डॉन्कास्टरच्या लिलावात तिसरे आगाखान सर सुलतान मुहम्मद शाह यांच्यासाठी ती ९,१०० गिनींना घेण्यात आली. आगाखान हे इस्माईली जमातीचे इमाम. मुंबई व पुण्यात त्यांच्या घराण्याचा जुना वावर होता आणि पुण्याचा आगाखान पॅलेस त्यांनीच १८९२ मध्ये बांधला. घोड्यांचा शौक घराण्यात आजोबांपासून चालत आला होता. इंग्लंडमध्ये मात्र ते तेव्हा नवे खरेदीदार होते. त्यांनी स्वतःच्या अंदाजावर विसंबून न राहता जॉर्ज लॅम्बटन या जाणकाराला खरेदीसाठी नेमले. घोडीचा बाप द टेट्रार्क, आई लेडी जोसेफिन. दोघेही वेगासाठी नामांकित.

मैदानावरची कमाई

१९२३ साली, दोन वर्षांची असताना, ती सहा वेळा धावली आणि पाच वेळा जिंकली. अॅस्कटची क्वीन मेरी स्टेक्स ही शर्यत तिने दहा घोड्यांच्या लांबीने मारली. लोक तिला ‘उडती घोडी’ म्हणू लागले. एकदाच, केम्पटनला, चिखलाच्या जमिनीवर ती हरली.

१९२४ मध्ये एक मैलाच्या वन थाउजंड गिनीज शर्यतीत ती दुसरी आली. नंतर अॅस्कटला मैलाच्याच दुसऱ्या शर्यतीत तिचा निभाव लागला नाही. लांब पल्ल्याचा दम हिच्यात नाही, असा शेरा बसला. मग तिला पुन्हा कमी अंतरावर आणले, तेव्हा गुडवुड आणि यॉर्क येथे तिने सहज बाजी मारली. एकूण दहा शर्यती, सात विजय. त्यानंतर ती पैदाशीसाठी पागेत गेली.

खरी कमाई पागेत

ज्या घोडीला मैलभर दम नव्हता, तिच्या मुलीच्या पोटी दीड मैलाची डर्बी जिंकणारा घोडा निपजला. मुलगी माह महल हिचा मुलगा महमूद १९३६ ची एप्सम डर्बी विक्रमी वेळेत जिंकला आणि तो विक्रम १९९५ पर्यंत टिकला. दुसरी मुलगी मुमताज बेगम. तिचा मुलगा नसरुल्लाह, जन्म १९४०. १९५० मध्ये तो ३ लाख डॉलरहून अधिक किमतीला अमेरिकेत विकला गेला आणि तिथल्या पैदाशीच्या यादीत पाच वेळा पहिला आला. १९७३ साली अमेरिकेच्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकणारा सेक्रेटेरिएट हा नसरुल्लाहचा नातू.

रुस्तम महल ही तिसरी मुलगी शर्यतीत कधी उतरलीच नाही. बाजाराच्या नजरेने तिची किंमत शून्य! ती दुसऱ्याच्या पागेत गेली आणि तिथे तिने अॅबरनँट हा आपल्या काळातला सर्वांत वेगवान घोडा दिला. नफा नव्या मालकाच्या पदरात पडला.

आगाखान घराण्याने महमूद आणि नसरुल्लाह हे दोन्ही नर विकले. मात्र माह महलच्या माद्यांची शाखा घरी ठेवली. त्या शाखेतून १९५९ मध्ये पेतीत एत्वाल ही घोडी चमकली. तिच्याच वंशातली झारकावा २००८ साली एकही शर्यत न हरता पॅरिसची आर्क जिंकली. १९८१ ची डर्बी दहा लांबीने जिंकणारा शेरगर हाही मुमताज महलच्याच वंशाचा. १९२२ च्या एका खरेदीवर घराण्याची तिसरी पिढी नफा घेत राहिली.

हे कळले कशामुळे?

वहीमुळे. इंग्लंडमध्ये १७९१ पासून घोड्यांच्या वंशाची नोंदवही छापली जाते. ही शर्यतीची जातही मुळात आपल्या पूर्वेकडच्या घोड्यांपासून निपजली. त्यांतला एक, डार्ली अरेबियन, १७०४ मध्ये हलबच्या बाजारातून तिकडे गेला. अरब बदू तर फार पूर्वीपासून घोड्याची नसल आईकडून मोजत. मराठीतही ‘खाण तशी माती’ म्हणतातच. म्हणजे शहाणपण आपल्याकडे होते, लेखी नोंद त्यांनी ठेवली.

परभणीच्या व्यापाऱ्याला पागा उभारायची नाही. पण लाल कंधारी गाय आणि उस्मानाबादी शेळी ही आपल्या मुलखाची नावाजलेली जनावरे आहेत. उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. जुळी देणाऱ्या शेळीची पाट आणि एकेकच करडू देणाऱ्या शेळीची पाट बाजारात एकाच भावात जातात, कारण आईचा पुरावा नसतो.

तेव्हा आजच एक साधी वही करावी. जनावराच्या कानाला क्रमांक, जन्मतारीख, आई, बाप, आईची वेते आणि दूध, एवढे रकाने पुरेत. विकताना त्या पानाची नक्कल गिऱ्हाइकाला द्यावी. नोंद खरीच असावी; मालातला ऐब लपवणे आपल्या दीनमध्ये मना आहे आणि खोटी वही एकदा उघडी पडली की पेढी बसते. आणि घाईच्या पैशासाठी चांगल्या वंशाची मादी विकण्यापूर्वी रुस्तम महल आठवावी.