आकाशाचा धडा

मुलांनो, तुम्ही कधी सुटे तेल आणायला दुकानात गेला आहात का? तेल ओतण्याआधी दुकानदार रिकामा डबा तराजूत ठेवतो आणि दुसऱ्या पारड्यात तेवढेच वजन टाकतो. याला धडा करणे म्हणतात. धडा चुकला, तर डब्याचे वजनही तेलात धरले जाते. आकाशाचे मोजमाप करताना शास्त्रज्ञांनाही असाच धडा करावा लागतो.

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. आरंभी ते अतिशय तप्त होते. दाट धुक्यात अडकावा तसा प्रकाश त्यात अडकून पडला होता. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व थोडे निवले आणि प्रकाश मोकळा झाला. तो आजही सर्व दिशांनी आपल्याकडे येत आहे. मात्र विश्व पसरत गेल्यामुळे त्याच्या लहरी ताणल्या गेल्या. म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही. अँटेनाने पकडावा लागतो. १९६४ साली अमेरिकेत आर्नो पेन्झिआस व रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनात सतत बारीक खरखर येई. त्यांनी आत राहणाऱ्या कबुतरांची घाणसुद्धा काढली, तरी खरखर थांबेना. तोच हा पहिला प्रकाश होता!

आता एक प्रयोग करा. दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसरे हलवा. हात वर-खाली केला, तर लाटा वर-खाली उठतात. आडवा हलवला, तर आडव्या. प्रकाशाच्या लहरीही अशाच निरनिराळ्या दिशांनी कंप पावतात. एखाद्या दिशेचे कंपन अधिक असेल, तर त्याला प्रकाशाचे ध्रुवण म्हणतात. पहिल्या प्रकाशातील ध्रुवण फार अल्प आहे. २००२ साली दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणीने ते प्रथम टिपले. तेथील हवा थंड व कोरडी असल्याने या लहरी फारशा अडत नाहीत.

विश्वाच्या पहिल्या क्षणी गुरुत्वाच्या लहरी उठल्या असतील, तर या ध्रुवणात भोवऱ्यासारखी नक्षी दिसेल, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील 'बायसेप-२' दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांनी ती नक्षी सापडल्याचे जाहीर केले. जगभर आनंद झाला.

पण आपल्या आकाशगंगेत धूळ आहे. तिचे कण चुंबकीय क्षेत्रामुळे एका रेषेत येतात आणि तशीच नक्षी काढतात. मग नक्षी कोणाची? 'बायसेप-२'ने एकाच वारंवारतेच्या लहरी मोजल्या होत्या. 'प्लँक' उपग्रहाने अनेक वारंवारतांच्या लहरी मोजल्या होत्या. जास्त वारंवारतेच्या लहरींत धूळ ठळक दिसते. तेथे धूळ मोजायची, गणिताने तिचा वाटा काढायचा आणि तो वजा करायचा. हाच आकाशाचा धडा!

दोन्ही गटांनी मिळून हिशेब केला. २०१५ च्या आरंभी उत्तर आले. धूळ वजा केल्यावर खात्रीने सांगावे असे काही उरले नाही. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, जगाला सांगितली. नंतर अनेक वारंवारतांवर मोजमाप सुरू झाले. ती नक्षी अजून सापडलेली नाही, पण शोध चालू आहे.

मुलांनो, मोठा शोध लागल्याचे सांगणे सोपे असते. आपलाच हिशेब पुन्हा तपासून चूक मान्य करायला मात्र धैर्य लागते. पुढच्या वेळी तेल आणायला जाल, तेव्हा आधी धडा नीट पाहा.