किनोसाकी : सामाईक झऱ्याचे गाव

जपानमधील परंपरागत पद्धतीच्या पाहुणघरास ‘र्‍योकान’ असे म्हणतात. तातामी चटयांनी आच्छादलेल्या खोल्या, ऋतुमानानुसार बदलणारे भोजन आणि उष्ण झऱ्याचे स्नान ही त्याची वैशिष्ट्ये होत. अशी कित्येक पाहुणघरे पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे चालत आली आहेत. ह्योगो प्रांतातील किनोसाकी या गावचे ‘मिकिया’ हे त्यांपैकीच एक. त्याचा इतिहास गावाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

आख्यायिकेनुसार दोची नावाच्या बौद्ध भिक्षूने येथे एक हजार दिवस प्रार्थना केली आणि इ. स. 720 मध्ये उष्ण पाण्याचा झरा प्रकटला. पुढे गावात एक रीत रूढ झाली. मुक्काम पाहुणघरात करावा. स्नानास मात्र गावाच्या सार्वजनिक स्नानगृहात जावे. रेल्वे स्थानक हे प्रवेशद्वार, रस्ते म्हणजे ओसऱ्या आणि पाहुणघरे म्हणजे खोल्या, अशी संपूर्ण गाव ही एकच वास्तू आहे, असे येथील लोक मानतात. स्नानास निघालेला पाहुणा वाटेत दुकानांतही डोकावतो; त्यामुळे झऱ्याचा लाभ साऱ्या गावास मिळतो.

1913 मध्ये तोकियोत रेल्वेगाडीची धडक बसून जखमी झालेले साहित्यिक शिगा नाओया विश्रांतीसाठी मिकियात राहिले. त्या वास्तव्यावर आधारित त्यांची कथा 1917 मध्ये प्रसिद्ध झाली आणि गावाचे नाव देशभर पोहोचले.

23 मे 1925 रोजी झालेल्या भूकंपाने आणि त्यापाठोपाठ लागलेल्या आगीने किनोसाकी उद्ध्वस्त झाले. गाव पुन्हा उभे राहत असतानाच, 1927 मध्ये, मिकियाने आपल्या आवारात पाहुण्यांसाठी स्वतंत्र स्नानगृह सुरू केले आणि वादास तोंड फुटले. जमीन ज्याची त्याचे पाणी, की झरा साऱ्या गावाचा? पाहुण्यांची सोय पाहणे हा व्यावसायिकाचा धर्मच; परंतु प्रत्येकाने तसेच केले, तर पाहुणा रस्त्यावर येणार कशाला, आणि लहान दुकानदारांनी जगावे कसे? प्रकरण न्यायालयात गेले.

अखेर 1950 मध्ये समेट झाला. पाहुणघरांना अंतर्गत स्नानगृहाची मुभा मिळाली. मात्र त्याच्या आकारावर मर्यादा आली आणि उष्ण पाण्याचे व्यवस्थापन सामाईक झाले. 1972 पासून हे पाणी एकत्रित यंत्रणेद्वारे वितरित होऊ लागले.

आज मिकिया त्याच कुटुंबाकडे आहे. सायंकाळी युकाता हा सुती झगा आणि लाकडी खडावा घातलेले पाहुणे विलो वृक्षांच्या काठाने सार्वजनिक स्नानगृहांकडे निघतात. व्यवसायाची खरी ठेव कधीकधी आपल्या खात्यात नसते. ती शेजाऱ्यांसह सामाईक खात्यात असते. किनोसाकीला हे उमगण्यास सुमारे 23 वर्षे लागली. परंतु त्या समेटाचा लाभ गावाच्या पुढील पिढ्यांना अद्याप मिळत आहे.