भंगारातून उभी केलेली येझदी रस्त्यावर चालवता येते का? सगळा खेळ एका नंबरचा आहे

नाशिकच्या गंगापूर रोडवर रविवारी सकाळी उभं राहिलं की कधीकधी गाडीच्या आधी तिचा आवाज येतो. जेहान सर्कलकडून सोमेश्वरच्या दिशेने एखादी जुनी येझदी निघालेली असते. मागे निळसर धूर, दोन्ही बाजूंना लांब सायलेन्सर. टपरीवरची अर्धी माणसं चहा हातात धरून मान वळवतात. एकजण म्हणतो, "आमच्या अण्णांकडे होती." दुसरा लगेच म्हणतो, "भंगारात पार्ट मिळतात रे, जोडू की एक!"

जोडता येते, यात काही खोटं नाही. पण पैसे आणि दोन वर्षांचे रविवार घालून चकाचक केलेली गाडी पार्किंगमधून बाहेरच काढता येत नाही, असंही होतं. कारण बहुतेक लोक सुरुवात इंजिनापासून करतात. करायला हवी कागदापासून.

आधी गाडी समजून घेऊ. जावा हे नाव १९२९ सालचं. चेकोस्लोव्हाकियातल्या यानेचेक यांनी जर्मन वांडरर कंपनीचं मोटरसायकलचं काम घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडली. भारतात रुस्तम आणि फारोख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ मध्ये म्हैसूरला उत्पादन सुरू केलं. सत्तरच्या दशकात गाडीचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. थोडक्यात, २०२२ मध्ये त्याच नावाने आलेली नवी गाडी सोडली, तर आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक येझदी निदान तीस वर्षांची आहे.

इतकी वर्षं ती टिकली, कारण ती साधी आहे. टू-स्ट्रोक इंजिन, एकच सिलिंडर, बोअर ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. डोक्यात व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की किक होतो. गावाकडच्या मिस्त्रीलाही ती उघडता येते. पिस्टन झिजला की ब्लॉक बोअरिंगला द्यायचा, एक साईज मोठा पिस्टन टाकायचा. अवघड काम क्रँकचं. कनेक्टिंग रॉड बदलून क्रँक पुन्हा प्रेस केला की तो लेथवर फिरवून सरळ करावा लागतो. नाहीतर गाडी साठच्या पुढे गेली की हँडल हातात नाचतं. गंगापूर रोडवाल्यांचं नशीब असं, की सातपूर एमआयडीसी शेजारीच आहे. लेथ, प्लेटिंग, पावडर कोटिंग, सगळं दहा-पंधरा मिनिटांवर.

पार्टचं मात्र तसं नाही. नाशिकमध्ये अंबड लिंक रोडचा भंगार बाजार हे एकेकाळी मोठं ठिकाण होतं. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने मोठी मोहीम काढून तो हटवला. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईतलं कुर्ला हे पर्याय आहेतच. टाकी एकीकडून, मडगार्ड दुसरीकडून, इंजिन तिसऱ्याच गाडीचं, अशी जमवाजमव चालते.

आणि इथेच पहिला खड्डा आहे.

कायद्याच्या नजरेत मोटरसायकल म्हणजे टाकी नाही, इंजिनही नाही. ती म्हणजे फ्रेमवर, बहुधा हँडलच्या मुळाशी, ठोकलेला चेसिस नंबर. आरसी बुकात तोच असतो. चाकं, सीट, दिवे हे सगळं झिजतं आणि बदलतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. इंजिन बदलायचं तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं हवं, आरटीओची परवानगी हवी आणि नवा नंबर आरसीवर चढायला हवा. फ्रेमला मात्र पर्याय नाही.

भंगारवाल्याकडे पाचशे-हजारात पडलेली फ्रेम म्हणूनच स्वस्त असते. गाडी रीतसर मोडीत काढताना आरसी रद्द होते आणि चेसिस नंबरचा तुकडा कापून घेतला जातो. अशा फ्रेमवर जगातली सर्वोत्तम येझदी उभी केली तरी ती कागदोपत्री मेलेलीच. नंबर कापलेला नाही पण घासून पुन्हा ठोकलेला दिसतोय? मग तिला हातसुद्धा लावू नये. ती चोरीची असू शकते, आणि पोलिसांपुढे "मी तर भंगारातून घेतली" हे सांगायला पावतीही नसते.

त्यापेक्षा बंद पडलेली, गंजलेली, कोंबड्या बसत असलेली पण आरसीसकट असलेली गाडी जास्त पैसे देऊन घ्यावी. आरसीवरचा मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या लागतात, त्या रंगकामाच्या आधी मिळवाव्यात. नंतर गाडीची झळाळी बघून भाव वाढतो, हा नात्यागोत्यातलाही अनुभव आहे.

दुसरा खड्डा 'कस्टम' या शब्दाचा. फ्रेम मागून कापून बॉबर करणं, पुढचा फोर्क लांबवणं, रुंद टायर बसवणं, हे फोटोत झकास दिसतं. पण मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरली: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द पुन्हा वाचावेत. चार हौशी केल्या तर वीस हजार.

मग २०१६ मध्ये बजाजने 'विक्रांत' युद्धनौकेच्या भंगारातून गाडी आणली ती कशी चालली? १९९७ मध्ये निवृत्त झालेली ही नौका २०१४ मध्ये भंगारात गेली, तिचं पोलाद बजाजने घेतलं आणि वितळवून 'व्ही' या मोटरसायकलमध्ये वापरलं. पण ते धातू म्हणून आलं, पार्ट म्हणून नाही. गाडी कंपनीची, मंजुरी कंपनीची, नंबर कोरा. गॅरेजमधल्या माणसाकडे ही सोय नसते.

तिसरी वाट 'विंटेज'ची, आणि तिच्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर फार गैरसमज आहेत. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. म्हणजे साठच्या दशकातल्या जावा वयात बसतात. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. शिवाय ती रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस्स. वीस हजार भरून कॉलेज रोडला चक्कर मारता येत नसेल तर बऱ्याच जणांना ती वाट परवडणारी नाही.

त्यामुळे बहुतेकांचा रस्ता साधाच उरतो. मूळ रूप, मूळ फ्रेम, आणि नोंदणीचं नूतनीकरण. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होते. १ एप्रिल २०२२ ला हे शुल्क ३०० वरून १,००० रुपये झालं होतं, पुढे जुन्या गाड्यांसाठी ते आणखी वाढलं. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली असेल तर दंडही लागतो, म्हणून सौदा करतानाच आरसीवरची तारीख बघून तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

तपासणी पेठ रोडच्या आरटीओत. तिथे चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात. आता गंमत अशी, की फ्रेम सँडब्लास्ट करून तिच्यावर जाड पावडर कोटिंग चढवलं की ठोकलेले आकडे बुजतात. अस्सल नंबर असूनही ठसा उमटत नाही, आणि मग रंग खरवडायला गेलं की तिथेच ओरखडे पडून शंका वाढते. म्हणून सातपूरला फ्रेम टाकताना त्या दोन-तीन इंचांवर उष्णता सोसणारी टेप आपल्या हाताने लावायची, आणि त्याआधी नंबरचा स्वच्छ फोटो काढून ठेवायचा.