शाळेच्या परसबागेत आहाराचे धडे

सोलापूर जिल्ह्यातील आपली मुले ज्वारीच्या भाकरीवर वाढतात. पण भाकरीसोबत डाळ का हवी, हे पुस्तक वाचून त्यांना पटत नाही. शाळेच्या आवारातील गुंठाभर जागा हे काम अधिक चांगले करते. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण परसबागेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या असून बागेतील भाजी दुपारच्या आहारात वापरता येते.

बागेसाठी स्वयंपाकाच्या खोलीजवळची जागा निवडावी. तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणी वाफ्यांकडे वळवावे; साबणाचे पाणी पालेभाज्यांना देऊ नये.

सप्टेंबरअखेर दोन ओळी ज्वारी पेरावी आणि ऑक्टोबरमध्ये तिच्याशेजारी हरभरा टोकावा. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असते, ती उणीव हरभरा व तूर भरून काढतात. शेजारी उभी असलेली ही पिके पाहून भाकरी-पिठल्याचे मर्म मुलांच्या ध्यानात येते. वाण मालदांडी ३५-१ घ्यावा. तो आपल्याच मोहोळ केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला आहे, हे मुलांना जरूर सांगावे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हेही त्यांना ठाऊक हवे. हुरडा गोड आणि पक्का दाणा पिठूळ का, हे तर जिभेवरच कळते; कोवळ्या दाण्यातील साखरेचा पुढे स्टार्च होतो. मात्र ज्वारीची कोवळी रोपे मुलांना चघळू देऊ नयेत. जनावरांना बाधणारे हायड्रोसायनिक आम्ल त्यांतच तयार होते.

३ × १ मीटरच्या वाफ्यात मेथी, राजगिरा, पालक आलटूनपालटून घ्यावेत. मेथी महिन्याभरात काढणीस येते. भाजी मुलांनीच तोलावी व वजन वहीत लिहावे. पालेभाजीतील लोह अंगी लागण्यासाठी जेवताना लिंबू पिळावे. जेवणासोबतचा चहा त्याच्या आड येतो. वाढत्या वयाच्या मुलींसाठी हा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे.

कीटकनाशकाचा डबा शाळेत नेऊच नये. मावा दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.

आमच्या मते अशा बागा कीडरोगाने मरत नाहीत, मे महिन्याच्या सुट्टीने मरतात. शिक्षक गावी जातात आणि सोलापूरचे ऊन आठवड्यात वाफे करपवते. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनी पाण्याच्या पाळ्या मार्चमध्येच ठरवून घ्याव्यात. ते जमणार नसेल तर उन्हाळ्यात फक्त शेवगा, कढीपत्ता व लिंबू ठेवावेत आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी सच्छिद्र मडके पुरून ते दोन-तीन दिवसांनी भरावे. वाफे जूनच्या पावसानंतर पुन्हा करावेत.