शय्याव्रण आणि विद्युत-अ‍ॅक्युपंक्चर
अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर वा टाचेवर सतत दाब राहिला, की तेथील रक्तपुरवठा खुंटतो व शय्याव्रण होतो. व्रणाभोवती सुया टोचून सौम्य विद्युतप्रवाह दिल्यास तो भरेल काय, असे आप्तजन आम्हांस विचारतात. विद्युत-उत्तेजनाच्या २० चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेचा २०२० मधील आढावा आशादायक आहे. तथापि नुसते उत्तेजन आणि सुया एक नव्हेत. चाचणीतील रुग्णाची कूस वेळेवर बदलली जाते, आणि व्रण त्यानेही भरतो! म्हणून शुश्रूषा दोन्ही गटांस सारखीच हवी. एका गटास सुयांतून प्रवाह, दुसऱ्यास नुसत्याच सुया. अशी कसोटी समाधानकारक ठरेपर्यंत आपल्या देणगीतून आम्ही हवेच्या गाद्याच घेऊ.