सागरी महामत्स्य आणि गळाची काठी

कोकणच्या किनाऱ्यावर मोठा मासा म्हटला की जाळे आणि यांत्रिक होडी हेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. जगातील काही किनाऱ्यांवर मात्र अशाच मोठ्या माशाला एक लवचीक काठी, दोर आणि पिसांचे कृत्रिम आमिष एवढ्याच साधनांनी पकडण्याचा क्रीडाप्रकार रूढ झाला आहे. या पद्धतीस 'फ्लाय फिशिंग' असे म्हणतात. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात होडीवाले, वाटाडे, उपाहारगृहवाले अशा अनेकांचा चरितार्थ या छंदावर चालतो. तेथे पकडलेला मोठा मासा बहुधा पुन्हा समुद्रात सोडून दिला जातो. त्यामुळे काठीची निवड हा केवळ हौशी माणसाच्या सोयीचा प्रश्न राहत नाही. माशाचा जीव वाचणे न वाचणे काही अंशी त्या निवडीवरच अवलंबून असते.

जिवंत परत जाणारा मासा

या क्रीडेतील एक प्रमुख मासा म्हणजे अटलांटिक महासागरातील टार्पन. रुपेरी, मोठ्या खवल्यांचा हा मासा १०० किलोंहून अधिक वजनाचा होऊ शकतो आणि ५० वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याचा एक लहान भाऊबंद भारताच्या खाड्यांतही आढळतो. टार्पन खाण्यासाठी फारसा कोणी पकडत नाही. २०१३ मध्ये फ्लोरिडा राज्याने नियम करून हा मासा पकडल्यास सोडून देणे बंधनकारक केले. विक्रमाच्या नोंदीसाठी विशेष परवाना घेणाऱ्यास तेवढी सवलत ठेवण्यात आली. ४० इंचांहून लांब मासा पाण्याबाहेर काढू नये, असेही ठरविण्यात आले.

परंतु सोडून दिलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. गळाला लागलेला मासा दीर्घ काळ झुंजत राहिला, तर त्याच्या स्नायूंत आम्ल साठते व त्याची शक्ती संपते. असा थकलेला मासा हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कच्या तोंडी सहज पडतो. म्हणून झुंज शक्य तितक्या लवकर संपविणे हे जाणत्या मच्छिमाराचे पहिले कर्तव्य समजले जाते. येथेच काठीचा संबंध येतो.

कोरी काठी म्हणजे काय?

मूठ, रीळ बसविण्याची जागा आणि दोर ओवण्याच्या कड्या लावण्यापूर्वीच्या कोऱ्या काठीस या व्यवसायात 'ब्लँक' म्हणतात. काठीचे खरे गुण या कोऱ्या नळीतच असतात. बाकीचे भाग नंतर जोडता येतात आणि बदलताही येतात.

पूर्वी या काठ्या वेळूच्या असत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कारागीर 'कलकत्ता केन' या नावाने भारतातून येणारा वेळू वापरीत. विदर्भाच्या जंगलांत 'मानवेल' म्हणून परिचित असलेल्या भरीव बांबूच्याच जातीचा तो होता. वेळू चिरून त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या एकत्र चिकटविल्या जात. पुढे चीनमधील टोंकिन वेळूने त्याची जागा घेतली. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार थांबविल्यावर हा पुरवठाही तुटला. तोपर्यंत काचतंतूंची काठी बाजारात आली होती. १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतूंची काठी आली आणि आज जड कामासाठी तीच प्रामुख्याने वापरली जाते.

कार्बनची कोरी काठी तयार करताना राळ मुरविलेले तंतूंचे कापड ठरावीक आकारात कापून निमुळत्या पोलादी गजावर गुंडाळतात. त्यावर घट्ट फीत लपेटून ते भट्टीत भाजतात. राळ कठीण झाली की गज ओढून काढतात व पोकळ, निमुळती नळी शिल्लक राहते. अशा पातळ नळीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर ताठपणा आठपट होतो. पण जाडी कमी करून व्यास वाढवीत गेल्यास नळी वाकताना चेपते व मोडते. अतिशय ताठ कार्बन वजनाला हलका पडतो, परंतु तो ठिसूळही असतो. होडीच्या काठाचा किंवा जड आमिषाचा एक आघात त्याला पुरतो. म्हणून जड काठीसाठी मध्यम ताठपणाचा कार्बन, क्वचित काचतंतूंची जोड देऊन, वापरणे अधिक भरवशाचे ठरते.

आकड्याचा अर्थ

प्रत्येक काठीवर एक क्रमांक असतो. सामान्य समज असा की, क्रमांक जितका मोठा तितकी काठी बळकट. वस्तुतः हा क्रमांक दोराचा आहे. दोराच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून तो ठरतो. ५ क्रमांकाच्या दोराचे हे वजन सुमारे ९ ग्रॅम, १२ क्रमांकाचे सुमारे २४.६ ग्रॅम, तर १४ क्रमांकाचे सुमारे ३२.४ ग्रॅम असते. काठी किती वजनाचा दोर फेकू शकते एवढेच त्यावरून कळते. मासा उचलण्याची तिची शक्ती त्यावरून कळत नाही. टार्पनसाठी बहुधा १२ क्रमांक आणि खोल समुद्रातील मोठ्या कुप्यासाठी १४ किंवा त्याहून मोठा क्रमांक निवडतात. परंतु १२ क्रमांकाच्या दोन काठ्यांच्या बुंध्याच्या बळात मोठा फरक असू शकतो.

तरफेचा हिशेब

काठी म्हणजे एक तरफ आहे. मात्र ही तरफ माशाच्या बाजूची आहे. काठीचा बुंधा पोटाशी टेकविला व पुढचा हात त्याच्यावर ३० सेंटिमीटर अंतरावर धरला, असे समजू. दोराची ओढ ३ किलोची असून तिच्या रेषेचे बुंध्यापासून लंब अंतर २४० सेंटिमीटर असेल, तर पुढच्या हातास २४ किलोंचा जोर लावावा लागेल. हेच अंतर काठी वाकल्यामुळे ९० सेंटिमीटरवर आले, तर ९ किलोंचा जोर पुरेल. माशावरील ओढ मात्र दोन्ही वेळा ३ किलोच राहते.

म्हणजेच काठीचे टोक वाकणारे व बुंधा न नमणारा हवा. टोकही ताठ असेल तर माणूस आधी थकतो. बुंधाही मऊ असेल तर काठी पूर्ण वाकते. मासा ओढीत राहतो आणि झुंज लांबते. या क्रीडेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार दोराच्या टोकाकडील धागा जास्तीत जास्त २० पौंड वर्गाचा असावा लागतो. अशा धाग्यावर २००१ मध्ये फ्लोरिडातील होमोसासा येथे २०० पौंडांहून अधिक वजनाचा टार्पन पकडला गेला. धागा आपल्या क्षमतेच्या कितीतरी पट वजनाचा मासा पेलतो, तो बुंध्याच्या बळावर दिलेल्या अखंड, मोजक्या ओढीमुळे.

पारख कशी करावी?

दुकानात काठी हवेत हलवून पाहण्याने फारसे कळत नाही. मूठ तिरपी पक्की धरून टोकास बांधलेल्या दोराला वाळूची पिशवी अडकवावी व वजन हळूहळू वाढवावे. दोन काठ्यांना सारखेच वजन लावले म्हणजे कोणाचा बुंधा आधी नमतो ते स्पष्ट दिसते. चांगल्या काठीची कमान टोकापासून बुंध्याकडे सलग वाढत जाते. जोडापाशी ती अडत नाही वा कोन करीत नाही. टोक मुठीकडे मागे वळेल इतकी काठी कधीही उभी करू नये. पुष्कळ काठ्या अशाच मोडतात. लांबीचाही विचार करावा. उथळ पाण्यात दूर फेक करावयाची असल्यास ९ फूट लांबी योग्य, तर खोल समुद्रात होडीखालून मासा वर उचलावयाचा असल्यास ८ ते साडेआठ फुटांची काठी अधिक उपयोगी पडते.

अंदमानच्या समुद्रातही कोकर वर्गातील मोठे मासे पकडून सोडून देणारे हौशी पर्यटक येतात. किनाऱ्यावरील पर्यटनाचा विचार करताना मासा सोडून देण्याचा नियम करणे हे अर्धे काम झाले. मासा लवकर हाती येईल अशी साधने वापरली जातात की नाही हे पाहणे, हे उरलेले अर्धे काम होय. शाळेतील तरफेच्या धड्यासाठीही याहून सोपे उदाहरण शोधण्याची गरज नाही. एक वेळूची काठी आणि वाळूची पिशवी त्यास पुरेशी आहे.