खिडकीचं लॉक नेमकं कुठे हरतं? ‘फिक्स्ड सपोर्ट’च्या पलीकडचा प्रश्न

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताय? मग एक छोटा सराव करून बघा. ज्या खोलीत बसला आहात तिथली सरकती खिडकी बंद करा, लॉक लावा आणि शटर हाताने हलवून बघा. आधी डावीकडे-उजवीकडे, मग आत-बाहेर, आणि शेवटी दोन्ही हातांनी वर. पहिल्या दिशेने शटर बहुधा हलणार नाही. दुसऱ्या दिशेने थोडं खडखडेल. तिसऱ्या दिशेने ते किती वर जातं, ते व्हर्नियरने मोजा आणि वहीत लिहून ठेवा. हा आकडा आपल्याला पुढे लागणार आहे.

मोशी, चिखली, वाकड, रावेत, कुठल्याही सोसायटीत बघा, खिडकी हीच: अॅल्युमिनियमची चौकट, खाली दोन किंवा तीन ट्रॅक, त्यावर बेअरिंगवर सरकणारी काचेची शटरं आणि एक मच्छरजाळीचं शटर. लॉक दोन जागी असू शकतं. एक म्हणजे शटरच्या बाजूच्या पट्टीत बसवलेलं टच लॉक. त्याचा हूक चौकटीतल्या खाचेत जाऊन अडकतो. दुसरं म्हणजे दोन शटरं जिथे एकमेकांवर येतात तिथलं अर्धचंद्राच्या आकाराचं क्रेसेंट लॉक. वस्तू लहान, स्वस्त, दुर्लक्षित. पण दहाव्या मजल्यावरचं शटर मे महिन्याच्या वळवाच्या वाऱ्यात जागेवर राहतं की नाही, घरातलं लहान मूल ते सरकवू शकतं की नाही, तळमजल्यावरच्या घरात रात्री कोणी बाहेरून हात घालू शकतं की नाही, हे सगळं बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असतं.

आता तुम्हाला यावर प्रोजेक्ट दिला, तर पहिलं काय कराल? अगदी खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेक जण हूकचं थ्रीडी मॉडेल काढतील, सॉफ्टवेअरमध्ये टाकतील, एका टोकाला ‘फिक्स्ड सपोर्ट’ लावतील, दुसऱ्या टोकाला बल लावतील आणि लाल-निळं चित्र छापतील. निष्कर्षही ठरलेला असतो: ताण मर्यादेत आहे, डिझाइन सुरक्षित आहे. गणितात चूक नसते. पण ज्या तीन गोष्टींमुळे खरी खिडकी उघडते, त्या तिन्ही या मॉडेलच्या बाहेर राहिलेल्या असतात. एकेक घेऊ.

१. बल कुठल्या दिशेने येतं?

वाऱ्यापासून सुरुवात करू. आयएस ८७५ च्या भाग ३ मध्ये पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणलं की दाब मिळतो: सुमारे ९१३ न्यूटन प्रति चौरस मीटर. उंची, भूभाग, इमारतीचा आकार यांचे गुणक लावल्यावर हा आकडा बदलेल, पण अंदाजासाठी पुरे. शटर ०.७५ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच धरलं, तर क्षेत्रफळ ०.९ चौरस मीटर आणि एकूण बल सुमारे ८२० न्यूटन, म्हणजे ८०-८५ किलोचा माणूस काचेला टेकून उभा राहावा इतकं.

पण हे बल काचेला काटकोनात आहे आणि लॉक अडवतं ते सरकण्याच्या दिशेने. म्हणजे वाऱ्याचं बल लॉकवर थेट येतच नाही. ते वरच्या-खालच्या ट्रॅकवर, बाजूच्या चौकटीवर आणि दोन शटरांच्या मधल्या इंटरलॉकवर जातं. लॉकचं काम वेगळं आहे: शटर सरकू न देणं, म्हणजे इंटरलॉक एकमेकांत गुंतलेले राहतील. लॉक सुटलं, शटर थोडं सरकलं आणि इंटरलॉक मोकळा झाला, की मधल्या उभ्या पट्टीचा आधारच जातो. लॉक स्वतः वारा पेलत नाही, ते वारा पेलणाऱ्याला जागेवर ठेवतं. संशोधनाच्या भाषेत याला बलाचा मार्ग शोधणं म्हणतात आणि तो कागदावर हाताने काढल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नये.

ही मधली पट्टी वाकते किती, हेही बघायला हवं. दोन टोकांना टेकलेल्या, सारखा भार घेणाऱ्या तुळईचं वाकणं लांबीच्या चौथ्या घाताने वाढतं. तोच सेक्शन १.२ मीटरच्या खिडकीऐवजी २.१ मीटर उंचीच्या बाल्कनीच्या सरकत्या दाराला वापरला, तर प्रति मीटर भार तोच धरूनही वाकणं सुमारे ९.४ पट होतं. त्यात अॅल्युमिनियमचा लवचिकता गुणांक ७० गिगापास्कलच्या आसपास, पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून ‘खिडकीला चाललं, दाराला पण चालेल’ हे वाक्य फॅब्रिकेटरकडून ऐकलं, तर तिथे एक प्रश्न लपलेला आहे असं समजा.

२. पकड किती उरते?

आता वहीतला आकडा काढा. सरकतं शटर चौकटीत बसवतात कसं? आधी वरच्या चॅनेलमध्ये वर ढकलायचं, मग खालचा भाग आत घेऊन ट्रॅकवर सोडायचं. म्हणजे ट्रॅकच्या कडेपेक्षा जास्त मोकळी जागा वर ठेवावीच लागते. आणि ज्या रस्त्याने शटर बसतं, त्याच रस्त्याने ते निघतं. ५ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला १२.५ किलो. आपल्या शटरची काच सव्वाअकरा किलोच्या आसपास, वर पट्ट्यांचं वजन. धडधाकट माणसाला उचलता येईल असं हे ओझं आहे.

इथे हूकचं तोंड कुठल्या दिशेला आहे याला महत्त्व येतं. तोंड खाली असेल, तर शटर पुरेसं वर उचललं की हूक काहीही न मोडता खाचेतून सुटतो. तोंड वर असेल, तर उचलल्यावर पकड उलट वाढते, पण बेअरिंग झिजून शटर खाली बसलं की पकड कमी होते. दोन्ही बाबतींत हूकची ताकद कितीही असो, प्रश्न फक्त मिलिमीटरचा आहे.

वर तोंड असलेल्या हूकचं एक उदाहरण सोडवू. आकडे सरावासाठी धरलेले आहेत. पकड ४ मिमी. खाचेची जागा वर-खाली होण्याची शक्यता १ मिमी, हूकचा स्वतःचा ढिलेपणा ०.५ मिमी, चौकट गुनियात नसल्याने येणारा फरक १.५ मिमी, बेअरिंगची झीज १.५ मिमी. सगळं वाईट एकाच वेळी झालं असं धरलं, तर बेरीज ४.५ मिमी. पकड संपली, लॉक लागणारच नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं, तर २.४ मिमी. पकड १.६ मिमी उरली, सगळं छान!

कुठलं उत्तर बरोबर? थांबा, घाई करू नका. वर्गमुळाची पद्धत कधी चालते? जेव्हा प्रत्येक फरक स्वतंत्र असतो आणि दोन्ही बाजूंना होऊ शकतो. खाच थोडी वर पडेल किंवा खाली पडेल, ते ठीक. पण बेअरिंग कधी झिजून मोठं होतं का? झीज एकाच दिशेने जाते आणि ती प्रत्येक खिडकीत होते. म्हणून ती वर्गमुळाच्या बाहेर काढून सरळ मिळवायची. उरलेल्या तिघांचं वर्गमूळ १.८७, त्यात १.५ मिळवले की ३.३७. पकड उरली फक्त ०.६३ मिमी. आकडे तेच, पण गृहीतक बदलल्यावर ‘छान’चं ‘जेमतेम’ झालं. मुलाखतीत सूत्र कोणीही सांगतो. ते कुठे लागू होत नाही हे सांगणारा लक्षात राहतो.

३. लॉक कशाला धरलेलं आहे?

हा भाग सगळ्यात दुर्लक्षित. लॉकचं शरीर आणि समोरची पट्टी स्वतः आटे पाडणाऱ्या स्क्रूंनी पातळ सेक्शनवर बसवलेली असते. सेक्शनची भिंत १.२ मिमी धरा. ४.२ मिमी व्यासाच्या अशा प्रमाणित स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर १.४ मिमी असतं. म्हणजे भिंतीत एक पूर्ण आटासुद्धा बसत नाही! हूकची ताकद जस्ताच्या मिश्रधातूवर ठरेल असं आपण म्हणत होतो. प्रत्यक्षात ती एका अपुऱ्या आट्यावर ठरते. शटर रोज आपटलं की ते भोक हळूहळू मोठं होतं, स्क्रू सैल होतो, आणि कारागीर येऊन तिथेच एक नंबर जाड स्क्रू पिळून जातो. पुढच्या वेळी तेवढंही उरत नाही.

उपाय अवघड नाहीत: आतून जाड पट्टी लावणं, रिव्हेट नट वापरणं, सेक्शनमध्येच स्क्रूसाठी जाड खोबण ठेवणं. पण त्यातला कुठला उपाय किती वेळा उघडझाप सोसतो, हे मोजायला हवं. आणि आपल्या मॉडेलमधला ‘फिक्स्ड सपोर्ट’ नेमका इथे लावलेला होता! जे हलतं तेच आपण न हलणारं धरलं.

अडवणं वेगळं, ओढून धरणं वेगळं

वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांसाठी इंग्लंडमध्ये जी जुनी लॉकं रूढ झाली, त्यांच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. फिच प्रकारात फिरणारा कॅम समोरच्या हूकमध्ये शिरून दोन चौकटी जवळ ओढतो. ब्रायटन प्रकारात तेच काम आटे असलेला दांडा आणि नॉब करतो. दोन्हींत उद्देश नुसतं अडवणं नाही, फट मिटवणंही आहे. फट मिटली की खडखड थांबते, पाणी कमी येतं.

कॅम आपोआप मागे का फिरत नाही? समजा पाव फेऱ्यात तो ३ मिमी ओढतो आणि त्याची त्रिज्या १५ मिमी आहे. कडेवरचं अंतर सुमारे २३.६ मिमी, म्हणजे चढ ०.१२७, कोन ७.३ अंश. घर्षण गुणांक ०.२ असेल तर घर्षणाचा कोन ११.३ अंश, चढापेक्षा जास्त, म्हणून कॅम टिकतो. कोणी तेल सोडलं आणि गुणांक ०.१ झाला, तर कोन ५.७ अंश, आणि तोच कॅम दाबाखाली मागे सरकू शकतो. लॉक ‘स्मूद’ करण्याच्या नादात त्याचं लॉकपण जाऊ शकतं, ते असं.

वर सरकणारी खिडकी आपल्याकडे कुठे असते? रेल्वेच्या जुन्या प्रवासी डब्यांत. शटर वर उचलायचं आणि ते खटक्यावर अडकवायचं. तिथे गुरुत्वाकर्षण सतत खाली ओढत असतं आणि गाडीची थरथर मदतीला असते. एका बाजूचा खटका नीट बसला नाही, तर बोटांवर काय येतं ते प्रवास करणाऱ्यांना सांगायला नको. तीच वस्तू आडवीऐवजी उभी केली आणि बलाचा मार्ग पूर्ण बदलला.

एकाच रस्त्यावरच्या दोन दुनिया

आता आपल्या भागाचा फायदा बघा. चाकण एमआयडीसीत मोटारी बनतात. मोटारीच्या दाराच्या लॅचसाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ११ मध्ये पूर्ण बंद स्थितीत लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन आणि आडव्या दिशेने ९,००० न्यूटन बल पेलण्याची अट आहे. तिथे लॅच आणि समोरचा स्ट्रायकर यांची चाचणी जोडीने होते, कारण एकट्या लॅचची ताकद निरर्थक आहे. शिवाय दार अर्धवट लागलं तरी धरून ठेवणारी एक मधली पायरी असते, तिची अट वेगळी. आपल्या खिडकीच्या हूकला अशी मधली पायरी बहुधा नसते. लागला तर लागला, नाहीतर नुसता लागल्यासारखा दिसतो.

भोसरी-चाकण पट्ट्यात प्रेस टूल, डाय-कास्टिंग, गेज बनवणं हे रोजचं काम आहे, आणि इथल्याच वर्कशॉपमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर भांडणं होतात. त्याच रस्त्यावर फॅब्रिकेटर टेपने मोजून सेक्शन कापतो आणि खाच हाताने पाडतो. त्याला नावं ठेवायची गरज नाही. तो प्रत्येक वेगळ्या भिंतीच्या वेगळ्या भोकात खिडकी बसवत असतो. संशोधनाचा प्रश्न नेमका या दोन दुनियांच्या मधे आहे: टेपने कापलेल्या चौकटीतही ज्याची पकड टिकेल, असं लॉक कसं असावं?

मग विषय कसा लिहायचा?

‘सरकत्या खिडकीच्या लॉकचं डिझाइन आणि विश्लेषण’ हा विषय नाही, ती फाइलची पाटी आहे. त्याऐवजी हे वाचा: ‘बेअरिंगच्या झिजेमुळे शटर खाली बसल्यास टच लॉकच्या हूकची पकड किती कमी होते, आणि ती कमी झाल्यावर लॉक सोडवायला लागणारं बल कसं बदलतं?’ यात काय बदलायचं, काय मोजायचं आणि कुठे थांबायचं, तिन्ही आहे. चुकीचं ठरू शकेल असं विधानही यातून निघतं.

सुरुवातीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. व्हर्नियर, ताणकाटा, गुनिया आणि टेप घ्या. वसतिगृहातल्या दहा खिडक्या परवानगी घेऊन मोजा: चौकटीचे दोन कर्ण, शटरची उचल, हूकची पकड, स्क्रू सैल आहे का. शटर उचलताना खालीच उभे राहून करा, गॅलरीबाहेर वाकून नाही, आणि सोबत एक जण असू द्या. दहा ओळींचा हा तक्ता शंभर पानांच्या रंगीत चित्रांपेक्षा तुमच्या गाइडला जास्त बोलतं करेल.

एक मर्यादा मात्र पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. बाहेरून उघडायला कठीण करताना आतून उघडणं कठीण करू नका. आग लागली तर धुराच्या खोलीत घरातल्या आजींना तेच लॉक अंधारात, एका हाताने, किल्ली न शोधता उघडता आलं पाहिजे. दोन्ही अटी एकत्र पाळणारं लॉक बनवणं अवघड आहे, आणि म्हणूनच तो तीन-चार वर्षं द्यावीत असा प्रश्न आहे.